तीनशे बारा फोनांचा जगदेव

मालेगाव म्हटलं की परगावचा माणूस नाशिककडचं मालेगाव समजतो, आणि जगदेवला त्याचा भारी राग. "आमचं जहांगीरचं, वाशीम जिल्ह्यातलं," हे तो फोनवर परक्या माणसालाही ठणकावून सांगतो. त्याचं मोबाईलचं दुकान वाशीम रोडला, बसस्टँडच्या जरा अलीकडे, खताच्या दुकानाला लागून. आठ बाय दहाची जागा, पुढे काचेचं काउंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर अर्धा तालुका कधी ना कधी बसून गेला आहे.

जगदेव आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टेप, मग टीव्ही. मोबाईल आले तेव्हा तोही शिकला. त्याची बायको गोजराबाई नऊ वर्षांपूर्वी काविळीनं गेली आणि तेव्हापासून त्यानं दुकानालाच घर केलं. हाताला सफाई, जिभेला धार. पण मनात खोट नाही. या माणसानं कोणाचं वाईट करायचं म्हणून काही केलं असेल यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि केलंही नव्हतं. त्यानं जे केलं ते लोकांच्या सोयीसाठी केलं.

झालं असं, की नवा फोन सुरू करायचा तर ईमेलचं खातं लागतं. खेड्यातून आलेल्या माणसाकडे कुठलं ईमेल? एखाद्याला खातं काढून द्यावं तर तो आठ दिवसांत पासवर्ड विसरून परत स्टुलावर हजर. जगदेव वैतागला. मग त्यानं एकच खातं काढलं आणि येईल त्या फोनात तेच टाकायला सुरुवात केली. पासवर्ड ठेवला गोजराचं नाव आणि तिच्या लग्नाचं साल. तो त्यानं पुठ्ठ्यावर लिहून काउंटरच्या आत चिकटवला. फोन ओळखू यावा म्हणून प्रत्येकाला मालकाचं नाव द्यायचं, एवढी शिस्त मात्र त्यानं पाळली. अकरा वर्षांत तीनशे बारा फोन त्या एका खात्यावर जाऊन बसले, आणि कोणाचंही काही बिघडलं नाही. निदान जगदेवची तशी समजूत होती.

मग फाल्गुनातल्या एका दुपारी मोतीबाई आली. ती पलीकडच्या तांड्यावरची, पन्नाशीची, नवरा मागेच गेलेला. मागच्या दिवाळीत जगदेवनंच तिला फोन घेऊन दिला होता. तिला वाचता येत नाही, म्हणून त्यानं पडद्यावरच्या बाकीच्या खुणा काढून दोनच ठेवल्या होत्या, एक बोलायची आणि एक फोटो बघायची. बाई स्टुलावर बसली, पदराच्या गाठीतून फोन काढला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "जगदेवभाऊ, माहा रतन फोटो धाडते."

"कोनता रतन?"

"माहाच. दुसरा कोनता?"

जगदेवच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला. रतनसिंग त्याला चांगला ठाऊक होता. चोवीस वर्षांचा पोरगा, फोटोंचा भारी नाद, रस्त्यावर बैल दिसला तरी त्याचा फोटो काढायचा. अडीच वर्षांपूर्वी तो टोळीबरोबर ऊस तोडायला गेला आणि तिकडे एका कालव्याच्या काठावर त्याचे कपडे नि चपला सापडल्या. कालव्याला पाणी जोरात होतं. प्रेत मिळालं नाही. महिनाभर वाट बघून तांड्यानं पिठाचा पुतळा केला आणि त्याला अग्नी दिला. जगदेव स्वतः त्या दिवशी तिथे उभा होता.

"पाहा तुमी," मोतीबाईनं फोन पुढे केला.

पहिला फोटो तोडलेल्या उसाच्या रानाचा होता. दुसरा जर्मनच्या ताटातल्या भाकरीचा. तिसऱ्यात मातीची भिंत, आणि भिंतीवर उन्हात पडलेली एका माणसाची सावली. डावा खांदा खाली, उजवा वर.

"मोळ्या वाहून वाहून त्याचा खांदा असाच झाला होता," मोतीबाई म्हणाली. "तांड्यातले म्हनतेत, हे भूत हाय. भगत म्हनते, थो फोनात अटकला, अवसेले फोन जाळा म्हंजे सुटन. कोनी माह्या दारावरून जात नाई आता. भाऊ, तुमी मशीनचे मानूस. तुमीच सांगा, हे भूत हाय का माहं लेकरू हाय? भूत असन तर जाळून टाकीन. पन लेकरू असन अन् म्या जाळलं, तर?"

जगदेवच्या अंगावर काटा आला. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता, पण ती सावली बघून तोंडचं पाणी पळालं. फोटोखालची तारीख पाच दिवसांपूर्वीची होती. मेलेला माणूस पाच दिवसांपूर्वी भिंतीसमोर उभा होता.

"उद्या सकायी या बाई," तो कसाबसा म्हणाला. "मी पाह्यतो. अन् तोवर हा फोन कोनाच्या हाती देऊ नका."

ती गेल्यावर त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर भर दुपारचं ऊन, रस्त्यावर एसटीचा हॉर्न, आणि आत हा माणूस घामानं निथळत बसलेला. त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता आणि तो त्याला नकोसा वाटत होता. मोतीबाईचा फोन कोणत्या खात्यावर? त्याच्या. रतनसिंगचा? त्याच्याच. फोटो एकमेकांना कोणी पाठवतच नव्हतं. खातं एक, म्हणून एकाचं दुसऱ्याच्या घरात आपोआप उतरत होतं. फोटोंच्या नादी रतननं फोटोंचं ॲप सुरू ठेवलेलं; बाकीच्या फोनांत ते कुठल्यातरी कोपऱ्यात पडलेलं, कोणी उघडत नव्हतं. मोतीबाईला मात्र त्यानंच तेवढं एक समोर काढून दिलं होतं.

त्यानं स्वतःच्या फोनवर हरवलेले फोन शोधायचं पान उघडलं. अकरा वर्षांत ते त्यानं एकदाही उघडलं नव्हतं. नकाशा उलगडला आणि त्यावर ठिपकेच ठिपके. मालेगाव, शिरपूर, मेडशी, कारंज्याचा बाजार, वाशीमची कचेरी. खाली नावांची यादी. त्यानं स्वतः दिलेली नावं. मारोतराव, पाच वर्षांपूर्वी गेले, आणि त्यांचा ठिपका सहा मिनिटांपूर्वी त्यांच्याच गव्हाच्या शेतात. नातू वापरत असणार, हे कळत होतं. गेलेली माणसं यादीतून त्याच्याकडे बघत होती. आणि जी जिवंत होती त्यांनाही माहीत नव्हतं, की आपण कुठे जातो, कुठे झोपतो, हे मालेगावातल्या एका काउंटरवर सगळं उघडं पडलं आहे.

यादीत पार खाली "रतन तांडा" होतं. चार मिनिटांपूर्वी. चारशे किलोमीटर दूर, नदीकाठच्या उसाच्या मुलखात.

मग त्यानं फोटो उघडले. मोतीबाईला चार-सहाच दिसले होते. मागे सरकत गेलं तर पुष्कळ निघाले, सहा महिन्यांचे. रान, भाकरी, चूल, दोरीवरची साडी. आणि एका फोटोत दारात उभी असलेली पोरगी, हसणारी, पोटावर हात ठेवलेली. जगदेवनं तिला कुठेतरी पाहिलं होतं. कुठे ते आठवेना. त्यानं डोळे चोळून मान वर केली, आणि समोर तीच पोरगी होती.

त्याच्या दुकानाच्या काचेवर बाहेरून चिकटवलेला कागद. उन्हामुळे आतून उलटा दिसत होता, पण चेहरा तोच. हरवली आहे. वैभवी, वय एकवीस, वाशीमला नर्सिंगच्या शिक्षणासाठी होती. रतनसिंगच्या मरणानंतर चार महिन्यांनी ती होस्टेलवरून गेली होती. दोन्ही गोष्टींचा कोणी संबंध लावला नव्हता. कशाला लावतील? एक तांड्यावरचा मजूर, दुसरी पाटलाघरची लेक. आणि तो कागद लावला होता तिच्या भावानं, हरीओमनं, स्वतःच्या हातानं. दोन वर्षं झाली, ऊन-पावसानं फाटला की तो येऊन नवा लावून जायचा.

जगदेवनं रतनच्या फोनवर संदेश सोडला. हरवलेल्या फोनच्या पडद्यावर चार शब्द उमटवता येतात, ती सोय असते. त्यानं लिहिलं, "जगदेव मोबाईल, मालेगाव. फोन कर. घाबरू नको." पोराच्या छातीत काय झालं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. अर्ध्या तासानं अनोळखी नंबरवरून फोन आला.

"रतन?" जगदेव म्हणाला.

"काका," आवाज आला, "तुमाले कसं समजलं? म्या सिम तं बदललं होतं."

आपल्याकडे ही एक मोठी समजूत आहे, की सिम बदललं म्हणजे माणूस सापडत नाही. रतननं दोन वर्षं फोन बंद ठेवला, मग नवं सिम टाकून निर्धास्त झाला. फोनच्या पोटात जगदेवचं खातं तसंच जागं होतं. जगदेवनं त्याला सगळं सांगितलं, आणि आईकडे फोटो जातात हे सांगितलं तेव्हा पलीकडचा पोरगा लहान मुलासारखा रडायला लागला.

"काका, मी मेलो हाय. मले मेलेलंच राहू द्या," तो म्हणाला. "पाटलायच्या शेतात सोयाबीन काढाले जात होतो, तवापासून आमचं जमलं. पयून गेलो असतो तं दोन दिवसांत धरलं असतं. मेलेल्याच्या मागं कोनी लागत नाई. आता तिले सातवा महिना हाय. हरीओमले समजलं तं दोघायले जितं ठेवनार नाई तो. याडीले..." आईला तो याडीच म्हणायचा.

जगदेवनं त्याच्याकडून फोनमधलं खातं पुसून घेतलं. सेटिंग उघड, खाती, माझं नाव दाब, काढून टाक. लोकेशन बंद कर. कोणत्या ॲपला कॅमेरा नि जागा बघायची मुभा आहे ते बघ, ज्याला गरज नाही त्याची काढ. पोरगा हूं हूं करत करत गेला. नकाशावरचा ठिपका विझला. शेवटी जगदेवनं त्याचा नंबरही पुसला. न ठेवलेला नंबर कोणी काढून घेऊ शकत नाही.

पण वर चढलेले फोटो खात्यातच होते. ते पुसले की तीनशे बारा ठिकाणांहून एकदम जाणार होते, मोतीबाईच्या फोनातूनसुद्धा. जगदेवचं बोट तिथे अडलं. बाईनं विचारलं होतं, भूत की लेकरू. तिला उत्तर न देता लेकरू पुसून टाकायचं? तेवढं त्याच्यानं होईना. उद्या सकाळी तिच्यासमोर पुसू, एका रात्रीत काय आभाळ कोसळतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात शटरखालून वाकून हरीओम आत आला. हातात नव्या फोनचा खोका.

"काका, जुन्यातलं सारं याच्यात घेऊन द्या."

जगदेवची पाचावर धारण बसली. नव्या फोनांत ते फोटोंचं ॲप पहिल्याच पानावर असतं, आणि सुरू केल्याबरोबर विचारतं, जुन्या आठवणी दाखवू का. पहिल्यांदा कोणता फोटो वर येईल, देव जाणे.

"आज नेट नाई बाबू. उद्या दुपारी ये."

हरीओम स्टुलावर बसला. राकट अंगाचा हा माणूस दोन वर्षांत अर्धा झाला होता. "काका, म्हनतेत का फोनवरून मानूस सापडते. वैभवीचा कोनता तरी फोन असनच. शोधता येते का?"

"नाई येत," जगदेव म्हणाला. गिऱ्हाइकाशी तो पहिल्यांदा खोटं बोलला.

"राखी हाय तिची घरी. अजून तशीच ठेवली," हरीओम काचेकडे बघत बोलला. "सापडली ना काका, तर..." त्याच्या मुठी गुडघ्यांवर आवळल्या होत्या. काय करेल हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं, आणि जगदेवला भीती वाटली ती त्याचीच.

ती रात्र जगदेवनं कशी काढली ते विचारू नका. हरीओमच्या जुन्या फोनातही तेच खातं होतं. गंमत म्हणून त्यानं एक बोट दाबलं असतं तरी संपलं होतं.

सकाळी पहिल्या काळीपिवळी जीपनं मोतीबाई आली. जगदेवनं शटर आतून ओढलं, तिला पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "बाई, भूत नाई. रतन जिता हाय."

ती ओरडली नाही. दोन्ही हातांनी स्टुलाच्या कडा घट्ट धरल्या आणि विचारलं, "पोटभर जेवते का?"

जगदेवनं तिला सगळं सांगितलं. आपली चूक सांगितली, खातं कसं एकच होतं ते सांगितलं, काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवलं, तो लावणाऱ्या भावाचं नाव सांगितलं. मग तो दारातल्या पोरीचा फोटो तिच्यासमोर धरला. मोतीबाई बराच वेळ बघत राहिली. कपाळ, डोळे, पोटावरचा हात. पडद्याचा उजेड विझला की ती बोट लावायची आणि परत बघायची.

"हे सारे पुसा लागते," जगदेव म्हणाला. "नाई तं कोनाले ना कोनाले दिसन. एक काम करतो. हा एक फोटो तुमच्या फोनात वेगळा ठेवतो, कुलूप लावून. तुमच्याशिवाय कोनी उघडू शकनार नाई."

मोतीबाईनं मान हलवली. "तांड्यात फोन एकल्याचा रायते का भाऊ? पोरं खेळाले घेतेत, बाया गाने पाह्यतेत. मले तं आकडे बी येत नाई, कुलूप दुसऱ्याच्या हातूनच उघडा लागन. नको." तिनं पदरानं पडदा पुसला, जणू पोरीचं तोंडच पुसत होती. "कुठी दाबू?"

"मी दाबतो ना."

"नाई. मीच दाबते. आईनं पुसलं तं नजर लागत नाई."

तिनं दाबलं. पुसलेले फोटो जिथे पडून राहतात ती मागची पेटीही जगदेवनं रिकामी केली, यादीतून रतनचं नाव काढलं आणि पुठ्ठ्यावरचा पासवर्ड बदलला. बदलताना त्याला कळलं, की इतकी वर्षं तीनशे बारा घरांची कुलुपं गोजराच्या नावानं उघडत होती, आणि आजपासून ते नाव कुठेच टाकलं जाणार नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही.

शटर उघडलं तर हरीओम दारातच उभा. दुपारी ये म्हटलेला माणूस सकाळीच आला होता. "हरीओम, तू?" जगदेवच्या तोंडून निघून गेलं. मोतीबाई अजून स्टुलावर, डोळे पुसत.

"काय झालं माय?" त्यानं विचारलं.

मोतीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. हा तिच्या सुनेचा भाऊ होता. सकाळपर्यंत ती त्याला ओळखतही नव्हती. "माहं लेकरू गेलं बाप्पा," ती म्हणाली. "कालव्यात. आज लय आठवन आली."

हरीओमचा चेहरा पडला. "माही बहीन बी गेली माय. कुठी हाय, पत्ता नाई." मोतीबाईनं उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो मोठा माणूस मान खाली घालून उभा राहिला. जगदेवला वाटलं, आता ही बाई बोलून टाकते. ती बोलली नाही. पायरी उतरून चालू लागली.

अवसेला तिनं आपल्या हातानं फोन भगताला दिला. तांडा जमला होता. आगीत काच तडकली तेव्हा मोतीबाईनं असा काही हंबरडा फोडला, की पुतळा जाळला त्या दिवशीही ती तशी रडली नव्हती. लोक म्हणाले, सुटला बिचारा. दुसऱ्या दिवसापासून बाया पुन्हा तिच्या दारावरून जायला लागल्या.

इकडे जगदेवच्या दुकानापुढे तीन महिने जत्रा भरली होती. सगळ्यांच्या फोनांनी एकदम पासवर्ड मागितला आणि लोकांनी त्याला शिव्यांची लाखोली वाहिली. त्यानं ऐकून घेतली. प्रत्येकाला स्वतःचं खातं काढून दिलं आणि प्रत्येकाला तेच ते सांगितलं. पासवर्ड मले सांगू नका. पोराले सांगू नका. फोन इकसान तं आधी त्यातलं खातं पुसा, मंग इका. मानूस गेला घरचा तं त्याचं खातं बंद करा, तसंच जागं ठेवू नका. लोक म्हणाले, जगदेव म्हातारपणी चळला. कानाला खडा लावलेला माणूस तसाच दिसतो.

वैभवीचा कागद काचेवर तसाच आहे. काढला तर हरीओम विचारेल. उन्हाळ्याच्या दुपारी तो आतून उलटा दिसतो आणि जगदेव त्याच्याकडे पाठ करून बसतो. सातवा महिना होता, त्याला आता वर्ष होत आलं. मुलगा झाला की मुलगी, त्याला माहीत नाही. नंबर त्यानंच पुसला होता.

बाजाराच्या दिवशी मोतीबाई येते. नवा फोन तिनं घेतलाच नाही. काही विकत घ्यायचं नसतं, विचारायचंही नसतं, कारण विचारण्यासारखं जगदेवजवळ काही नाही हे तिला ठाऊक आहे. ती फक्त त्या स्टुलावर पाच मिनिटं बसते, ज्यावर बसून तिनं सून पाहिली होती. गिऱ्हाईक पासवर्ड टाकतं तेव्हा जगदेवला हल्ली भिंतीकडे तोंड करायची सवय लागली आहे. मोतीबाई आली की तो तसंच करतो, आणि ती उठून जाईपर्यंत वळत नाही.